परगुणदर्शन : साधकाचा नित्य अभ्यास



दुसऱ्याचा दोष दिसण्यास कष्ट पडत नाहीत. गुण दिसण्यास मात्र अभ्यास लागतो. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

केशिराजबासांनी सर्वज्ञांच्या श्रीमुखीचे दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले. त्यांतील जन्मांधांच्या हत्तीचा दृष्टांत सर्वांस परिचित आहे. ज्याने कान चाचपला त्याने हत्ती सुपासारखा म्हटला. ज्याने पाय चाचपला त्याने खांबासारखा म्हटला. यांत कोणी असत्य बोलला नाही. हाती आलेला अवयव हाच पूर्ण हत्ती, असे प्रत्येकाने मानले, एवढीच चूक. दृष्टांताचा मूळ विषय ज्ञानाचा. परंतु माणसांविषयीही आपण हेच करतो. त्याचा एक दोष हाती लागला की तेवढाच तो माणूस, असे ठरवून मोकळे होतो.

हे मी इतरांस उद्देशून लिहीत नाही. सोलापुरात पहाटेच्या निरूपणास एक वासनिक नित्य येत आणि बसल्या जागी झोपी जात. एके दिवशी मी चारचौघांदेखत त्यांना बोललो. ते दंडवत घालून निमूट निघून गेले, ते चार महिने आले नाहीत. पुढे कळले की, यंत्रमागावरील रात्रपाळी संपवून ते घरी न जाता परस्पर निरूपणास येत असत. मला त्यांची झोप दिसली. झोप बाजूस सारून येणारी श्रद्धा दिसली नाही. अखेर मीच त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि त्या दिवशी निरूपण न करता त्यांचे ऐकले.

येथे म्हाइंभटांचे स्मरण होते. ते प्रकांड पंडित. पण विद्येचा अभिमान त्यांनी सर्वज्ञांच्या चरणी ठेवला. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर, 13व्या शतकाच्या उत्तरार्धात, ऋद्धिपूर येथे त्यांनी नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकून घेतल्या. तसेच ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या, त्यांच्याकडे ते स्वतः विचारीत गेले. सांगणारा शिकलेला आहे काय, स्त्री आहे की पुरुष, हे त्यांनी पाहिले नाही. एकाच लीळेविषयी निराळी आठवण निघाली, तर तीही पोथीत नोंदली गेली. त्यांनी केवळ सांगणाऱ्यांचे अज्ञान पाहिले असते, तर ‘लीळाचरित्र’ आपल्या हाती आले नसते.

शास्त्रदृष्टीने पाहता जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. ती अविद्या जशी समोरच्याच्या ठिकाणी, तशीच आपल्याही ठिकाणी. मग एका बद्धाने दुसऱ्या बद्धाच्या बेड्या मोजण्यात कोणता पुरुषार्थ? त्याच्या ठिकाणी ईश्वराविषयी जी ओढ आहे, ती मात्र आदराने पाहावी.

यावर कोणी शंका घेईल : मग आचारातील उणीव झाकावी काय? तसे नव्हे. पाठीमागे बोललेला दोष ही निंदा. हितबुद्धीने, एकांतात सांगितलेला दोष ही शिक्षा. पहिलीने दोघांचेही अहित होते, दुसरीने दोघांचेही हित होते. माझी चूक दोष दिसण्यात नव्हती. न विचारता, चारचौघांत बोलण्यात होती.

म्हणून तीन नियम पाळावेत. दोष दिसताच आपल्या ठिकाणी तो कोणत्या रूपाने आहे हे शोधावे. बोलण्यापूर्वी कारण विचारावे. आणि रात्री नामस्मरणास बसण्यापूर्वी, ज्याच्याविषयी मन कडू झाले असेल त्याचा एक तरी गुण आठवावा. कडू मनाने केलेले स्मरण ओठांवरच राहते.

आपण भेटताच एकमेकांस दंडवत करतो. त्या वेळी मस्तक तर लवतेच. त्याबरोबर आपली दृष्टीही लवली पाहिजे. ते वासनिक आता पुन्हा निरूपणास येतात. कधी डोळा लागतो. शेजारचे कोणी हलवू लागले, तर मी खुणेने थांबवितो.

दंडवत प्रणाम.