जहाजी भाई

घर सोडून बोर्डिंगांत आल्यावर पहिल्या रात्रीं ज्यास झोंप आली नाहीं, त्यास पुढील हकीगत सहज समजेल.

वेस्ट इंडीज बेटांपैकीं त्रिनिदाद हें बेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत आहे. तेथील उंसाच्या मळ्यांत पूर्वीं गुलाम राबत. १८३८ सालीं ते पूर्णपणें मुक्त झाल्यावर मळेवाल्यांस मजुरांची टंचाई भासूं लागली व कांहीं वर्षांनीं हिंदुस्थानांतून करारानें मजूर नेण्यास आरंभ झाला. ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ हें जहाज सुमारें सव्वादोनशें मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेन बंदरास लागलें. त्यास कलकत्ता सोडून तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. १९१७ पर्यंत सुमारें १,४४,००० लोक असे तेथें गेले. त्यांपैकीं बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील होते.

करार पांच वर्षांचा असे. परवान्यावांचून मळ्याबाहेर जाण्याची मुभा नसे. काम तर कष्टाचें होतेंच. परंतु मनाचें दुःख त्याहून मोठें होतें. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें आईस खुशाली कशी कळवावी? गांवीं ज्याची ओळख कुळानें व नात्यागोत्यानें होई, तो येथें केवळ मळ्यावरचा एक मजूर ठरे. स्त्रियांची संख्या थोडी, म्हणून अनेकांस संसारसुखही दुर्लभ होतें.

मग या लोकांनीं धीर कशानें धरिला? एका जहाजांतून आलेले एकमेकांस ‘जहाजी भाई’ म्हणूं लागले. जातपात निराळी असली तरी हें नातें सख्ख्या भावाच्या नात्यासारखें पाळिलें जाई. आजारांत हाच भाऊ उशाशीं बसे, व मृत्यूनंतर हाच खांदा देई. पुढें वसलेल्या कांहीं गांवांस फैजाबाद, बराकपूर अशीं मायदेशचीं नांवें मिळालीं.

दहा वर्षें राहिल्यावर परतीच्या प्रवासाची सवलत मिळे. तरी बहुसंख्य लोक तेथेंच राहिले. जे परतले त्यांतील कित्येकांस निराळाच अनुभव आला. समुद्र ओलांडला म्हणून गांवानें त्यांस जवळ केलें नाहीं. कोठें आईबाप उरले नव्हते. त्रिनिदाद, फिजी इत्यादि वसाहतींतून आलेले असे अनेक लोक १९२० नंतरच्या काळांत कलकत्त्याच्या गोदीजवळ मटियाबुर्ज येथें, पुन्हां तिकडे नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत दीनवाणें पडून होते. ज्या घरासाठीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळले, तें घर त्यांस सांपडलें नाहीं.

यावरून काय दिसतें? घर म्हणजे केवळ भिंती व अंगण नव्हे. जेथें आपली वाट पाहणारें कोणी असतें तें घर. म्हणून परमुलखांत जाणाऱ्यानें घरची आठवण येते याची लाज बाळगूं नये. परंतु त्या आठवणींतच गुंतून न राहतां शेजारच्यास हांक मारावी. आज त्रिनिदादमध्यें ३० मे हा दिवस सार्वजनिक सुटीचा असतो, व त्या मजुरांचे वंशज पूर्वजांच्या आगमनाचें स्मरण करितात.

पालकांस विनंति इतकीच कीं, दूर राहणाऱ्या मुलांस पत्र पाठविण्यास विलंब करूं नये. आणि मित्रहो, पुढील जून महिन्यांत कोणी नवा मुलगा पेटीवर एकटाच बसलेला दिसला, तर त्याचें नांव विचारा. तोही आपल्याच जहाजांतला आहे.