दिवे लागले की आप्पा गावाला निघतात

प्रश्न : आम्ही मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, आता पांडेसऱ्यात स्थायिक. सासरे, आप्पा, आयुष्यभर लूमवर होते. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितलाय. दुपारपर्यंत ठीक असतात. संध्याकाळी मात्र पिशवी भरतात, ‘माले घर जानं शे’ म्हणतात. हेच आपलं घर, असं सांगितलं की चिडतात. रोज संध्याकाळीच असं का होतं? आम्ही काय करावं?
— एक वाचक भगिनी, पांडेसरा, सुरत

उत्तर : आप्पा हट्टाने असं करत नाहीत, हे आधी मनाशी पक्कं धरा. संध्याकाळी गोंधळ वाढणं स्मृतिभ्रंशात नेहमी दिसतं. दिवस-रात्रीचं भान ठेवणारं एक छोटं केंद्र मेंदूत असतं. अल्झायमरमध्ये तेही झिजतं. त्यात दिवसभराचा थकवा, भूक आणि मंद उजेडातल्या सावल्यांची भर पडते. दोरीवर वाळत घातलेला सदरा त्यांना परका माणूस वाटू शकतो. शिवाय तुमच्याकडे त्याच सुमारास कारखान्यांची पाळी बदलते, गल्ली गजबजते, घराघरांत टीव्ही लागतो. ज्यांनी उभं आयुष्य पाळीच्या वेळेवर काढलं, त्यांना तेव्हा निघायची घाई होणं नवलाचं नाही.

या गोंधळाची वेळ ठरलेली आहे, हीच तुमच्या हातातली सोय. त्याच्या तासभर आधी तयारीला लागा. अंधार पडण्यापूर्वीच घरातले दिवे लावा. टीव्ही बंद ठेवा. दोन घास खायला द्या, लघवीला नेऊन आणा. सकाळी कोवळ्या उन्हात फिरवा, दुपारची झोप थोडकी ठेवा, चारनंतर चहा टाळा. संध्याकाळी हाताला काम द्या : शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं. जन्मभर कापड विणलेल्या हातांना कापड हाताळताना बरं वाटतं.

तरीही पिशवी भरलीच, तर वाद घालू नका. तुमचं म्हणणं खरं असलं तरी ते पटायला लागणारी आठवण त्यांच्याकडे उरलेली नाही. हाती फक्त अपमान लागतो. ते घर मागतात तेव्हा बहुतेकदा धीर मागत असतात. ‘गावाची आठवण येते ना? आधी जेवून घेऊ,’ म्हणा. शेताची, बैलांची चौकशी करा. हे बोलणं अहिराणीत करा. या आजारात नंतर शिकलेल्या भाषा आधी निसटतात. नातवंडांचं गुजराती-हिंदी त्यांना संध्याकाळी नीट उमगत नसेल. ते उठलेच तर पिशवीसकट गल्लीत एक फेरी मारून आणा.

लूमच्या खडखडाटाने कान अधू होतात, म्हणून ऐकू नीट येतं का ते तपासून घ्या. मोतीबिंदूही पाहा. अर्धवट ऐकू-दिसू लागलं की भीती वाढते.

ते एकटे बाहेर पडले तर रेल्वेचे रूळ आणि उधन्याचा रस्ता दूर नाहीत. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर गुजराती व हिंदीत लिहून ठेवा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्यांना आजाराची कल्पना द्या. यात लपवण्यासारखं काही नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. रोजचा गोंधळ संध्याकाळी येतो आणि ओसरतो. तो एक-दोन दिवसांत एकदम वाढला, आप्पा भलतेच गुंगीत राहू लागले किंवा नसलेली माणसं अचानक दिसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवं औषध अशी कारणं त्यामागे असतात आणि त्यातली बरीचशी बरी होतात. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका; सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही भ्रम वाढतो. सुरतच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. थायरॉईड आणि ब 12 जीवनसत्त्वाची रक्ततपासणी झाली नसेल तर तिथे विचारा. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक आधारासाठी 14416 या सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहेत. दुसरीवर तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

आता तुमच्याबद्दल. पत्रात ‘आम्ही’ लिहिलंत, पण स्वयंपाकाच्या ऐन वेळेला आप्पांच्या मागे धावणाऱ्या बहुधा तुम्ही एकट्याच असाल. आजार आप्पांचा आहे, जबाबदारी साऱ्या घराची. आप्पांच्या मुलाने पाळी बदलून घ्यावी, नाहीतर सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ पूर्ण सांभाळावी. गावच्या भावंडांनी वर्षातून काही आठवडे येऊन राहावं. सेवा तुम्ही मनापासून करताच आहात. विश्रांतीही तितक्याच हक्काने मागा. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो, आणि शब्द विसरलेल्या आप्पांनाही चढलेला आवाज कळतो.