आईलाही जमेल असा गेम

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला ‘लेगो स्टार वॉर्स : द स्कायवॉकर सागा’ हवाय. मी कधीच गेम खेळलेले नाही. आम्हाला एकत्र खेळता येईल का?

उत्तर : जरूर. २०२२च्या या गेममध्ये मुख्य मालिकेतले नऊही चित्रपट आहेत. पहिल्या, चौथ्या किंवा सातव्या भागापासून सुरुवात करता येते. चौथ्यापासूनच करा, १९७७चा मूळ चित्रपट तोच. मारामारी आहे, पण रक्त नाही, पात्रांचे लेगोचे तुकडे होतात! तुमचं पात्र ‘मेलं’, तरी जमवलेली थोडी नाणी सांडतात आणि ते लगेच पुन्हा उभं राहतं. त्यामुळे नवशिक्यांनी घाबरू नये. दोघांसाठी पडदा विभागला जातो, मात्र ऑनलाइन जोडीची सोय गेममध्ये नाही. दुसरा कंट्रोलर आधीच घेऊन ठेवा.