पृच्छा रद्द करणे आणि जोडणी परत करणे

माहितीसंग्रहाला विचारलेल्या प्रश्नास संगणकशास्त्रात पृच्छा म्हणतात. पृच्छा विचारणे सोपे असते; विचारलेली पृच्छा मागे घेणे मात्र तितके सोपे नसते. त्यातून उद्भवणारा एक दोष व त्याचे शोधन यांचा विचार या पाठात करू. उदाहरणादाखल पोस्टग्रेस्क्यूएल ही प्रणाली घेऊ. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून ती विकसित झाली.

या प्रणालीत प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रक्रिया चालते. ही प्रक्रिया पृच्छेचे उत्तर शोधण्यात गुंतली असताना त्याच जोडणीवरून तिला थांबण्यास सांगून उपयोग नसतो. कारण पुढील संदेश ती हातातील काम संपल्यावरच वाचते. म्हणून रद्द करण्याची विनंती वेगळ्या, नव्या जोडणीवरून पाठवावी लागते. मूळ जोडणी प्रस्थापित होताना सर्व्हरने प्रक्रियेचा क्रमांक आणि एक गुप्त किल्ली दिलेली असते. विनंतीत या दोन गोष्टी नमूद केलेल्या असतात. किल्ली जुळल्यास सर्व्हर त्या प्रक्रियेला इशारा देतो आणि काहीही उत्तर न देता नवी जोडणी बंद करतो.

विनंतीत प्रक्रियेची ओळख असते, पृच्छेची नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. समजा, ग्रंथालयातील एक सेवक वाचकाची चिठ्ठी घेऊन ग्रंथभांडारात गेला आहे. त्याला परत बोलावण्याचा निरोप मागील दाराने धाडला. निरोप पोहोचेपर्यंत त्याने पहिला ग्रंथ देऊन दुसऱ्या वाचकाची चिठ्ठी घेतली असेल, तर तो या दुसऱ्या वाचकाचे काम अर्धवट टाकून परतेल.

संगणकातही असेच घडते. दर वेळी नवी जोडणी उघडण्यात वेळ जातो, म्हणून उघडलेल्या जोडण्यांचा साठा राखून त्या आळीपाळीने वापरल्या जातात. पहिल्या पृच्छेची मुदत संपल्यामुळे आज्ञावली रद्द करण्याची विनंती पाठविते. तेवढ्यात उत्तर येते, जोडणी साठ्यात परत जाते आणि दुसऱ्याच्या हाती पडते. उशिरा पोहोचलेला इशारा या दुसऱ्याची पृच्छा थांबवितो. त्याला ५७०१४ या क्रमांकाची, म्हणजे पृच्छा रद्द झाल्याची, त्रुटी दिसते. वास्तविक त्याने काहीच रद्द केलेले नसते. एखाद्या बँकेत ही पृच्छा दिवसअखेरच्या हिशेबाचीही असू शकेल.

असा दोष क्वचित आणि अवचित प्रकट होतो. तो शोधण्यासाठी प्रक्रियेचा क्रमांक, विनंती पाठविल्याची वेळ, नवी जोडणी बंद झाल्याची वेळ आणि मूळ जोडणी साठ्यात परत गेल्याची वेळ यांची नोंद ठेवावी. शेवटच्या दोन वेळांचा क्रम उलटा आढळल्यास दोषाचे कारण तेथेच शोधावे. त्यानंतर तो मुद्दाम घडवून पाहावा. ठरावीक काळ नुसती थांबून राहणारी पृच्छा द्यावी, ती संपण्याच्या किंचित आधी विनंती धाडावी आणि लगेच त्याच जोडणीवर दुसरी पृच्छा द्यावी. हा प्रयोग वेळा बदलून अनेकदा करावा.

उपाय दोन आहेत आणि ते दोन्ही एकत्रच योजावे लागतात. पहिला, सर्व्हर नवी जोडणी बंद करीपर्यंत थांबावे. विनंतीवर कार्यवाही झाल्याची तीच खूण होय. दुसरा, सर्व्हर पुढील पृच्छेस तयार असल्याचा संदेश येईपर्यंत मूळ जोडणीवरील मजकूर वाचून संपवावा. व्यवहार फसलेल्या अवस्थेत आहे किंवा नाही, हेही त्याच संदेशावरून कळते. तो फसला असल्यास पूर्ववत केल्याशिवाय जोडणी परत करू नये. यांपैकी कशाचीही खात्री नसेल, तर ती जोडणी बंद करून टाकावी.

मूळ जोडणी सांकेतिक लिपीने सुरक्षित असली तरी रद्द करण्याची विनंती पूर्वी उघडपणेच जात असे. ती सुरक्षितपणे पाठविण्याची सोय या प्रणालीच्या लिबपीक्यू या आज्ञावली-संग्रहात २०२४ सालच्या १७ व्या आवृत्तीपासून झाली आहे. तथापि जोडणी केव्हा परत करावी, याचा विचार आज्ञावलीकारालाच करावा लागतो.