फुफ्फुसांचे पाच खंड

काटोलच्या संत्र्याची प्रत्येक फोड स्वतंत्र आवरणात असते. फुफ्फुसांची रचनाही काहीशी तशीच आहे. उजव्या फुफ्फुसाचे वरचा, मधला व खालचा असे 3 खंड असतात. डाव्याचे मात्र 2, कारण हृदय डावीकडे झुकलेले असून त्याला तेथे जागा लागते. प्रत्येक खंडाला स्वतःची श्वासवाहिनी असते. म्हणून एखादा रोगग्रस्त खंड काढावा लागला, तरी उर्वरित खंड श्वसन चालू ठेवतात.

श्वासनलिकेची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड व अधिक सरळ उतरती असते. खाताना हसणाऱ्या, धावणाऱ्या बालकाच्या श्वासमार्गात शेंगदाणा किंवा संत्र्याची बी गेल्यास ती बहुधा उजवीकडेच अडकते. पुढे खोकला थांबला, तरी धोका टळला असे पालकांनी मानू नये. बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.