पोरांपासून राजकारण लपवायचं कशाला?

पालकहो, ‘राजकारण तुझं काम नाही, अभ्यासाकडे बघ’ असं दहावीतल्या मुलाला बजावणारं घर आणि गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत रात्री बारापर्यंत ठराव, म्हणजे मतं, मोजत बसणारं घर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बऱ्याचदा एकच असतं. मूल सगळं बघत असतं. दूध संस्थेचा ठराव कुणाच्या नावावर झाला यावरून काका आणि बाबा बोलेनासे झालेत, संस्थेच्या ठरावानं मताचा हक्क मिळालेले मामा मतदानाआधी ‘सहली’ला गेलेत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शाळेत ते राज्यशास्त्राचा धडा पाठ करतं आणि परीक्षा झाली की विसरतं. लक्षात राहतं ते घरातलं. गट, जेवणावळी आणि अबोला म्हणजे राजकारण, हा समज आपणच तोंडातून शब्द न काढता त्याच्या डोक्यात घातलेला असतो.

मग राजकारण असतं तरी कशासाठी? रस्ता, पाणी, शाळा या गोष्टी सगळ्यांच्या, आणि माणसं मात्र एका मताची नाहीत. तरीही निर्णय तर घ्यायचाच असतो. मारामारी न करता तो घेण्याची जी खटपट, ते राजकारण. पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते, तिच्या आत बांधकामाला परवानगी कोण देतं, हे राजकारणच आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्या मुलांनी पाहिला, त्यांना हे सांगायला पुस्तक लागत नाही.

राजकारण नसलं तर काय होतं, तेही आपण नुकतंच पाहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवकांना शिव्या घालण्यात आपण कधी कमी पडलो नाही, त्यातल्या निम्म्या योग्यही होत्या. पण गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर सकाळी सात वाजता ज्याच्या दारात उभं राहून आवाज चढवता येतो असा माणूसच गल्लीत उरला नाही. अधिकारी हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण पुढच्या वेळी बघून घेऊ, असं त्याला म्हणता येत नाही. बरेच पालक मुलांना सांगतात, ‘राजकारणीच नकोत, एखादा कडक अधिकारी पाहिजे.’ त्यांनी ही पाच वर्षं जरा आठवावीत.

आता मर्यादेचं बघू. राजकारणानं घरात किती शिरावं? या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी दिलं गेलंय, आणि ते सरळसोट नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! ‘पोर माझं, मी गुरं राखायला पाठवीन, दरबाराचा काय संबंध?’ असं एखाद्या बापाला वाटलं नसेल का? वाटलंच असणार. तरी महाराज घरात शिरले, आणि ते बरोबर होतं असं मी म्हणेन, कारण ते पोराच्या बाजूनं शिरले. पण त्याच राजानं जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी वेगवेगळी बोर्डिंगं उभी राहायला मदत केली. कुणी कुणाची पूजा करावी, हे काही ठरवून दिलं नाही. म्हणून माझ्या मते सीमा अशी: सरकारनं मुलाला शाळेत बसवावं, त्याच्या डब्यात काय असावं आणि डबा त्यानं कुणाबरोबर खावा, हे मात्र सरकारनं, पक्षानं किंवा गल्लीतल्या दादानं सांगू नये.

ही सीमा ओलांडली की काय होतं, तेही लांब जाऊन शोधायला नको. जून २०२३. इतिहासातल्या व्यक्तींबद्दल मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून ७ तारखेला शहर बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलंही होती. ज्या गावात बाबूजमाल तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, त्या गावात हे घडलं. त्या मुलांशी इतिहासाबद्दल, धर्माबद्दल, मतांबद्दल घरात कुणी कधी बोललं होतं का, मला शंका आहे. आपण विषय टाळला की तो मुलांपर्यंत पोचायचा थांबत नाही, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तोंडून पोचतो. आणि फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी विषारी फॉरवर्ड टाकणाऱ्या मोठ्यांनी पोराच्या स्टेटसवर कपाळाला हात लावावा, हे जरा अतीच.

मग बोलायचं कशाबद्दल? शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाबद्दल मुलांना जरूर सांगा. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटलांसारखा ऐंशी ओलांडलेला माणूस उन्हात रस्त्यावर बसत होता, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे सोबत होते, गट-तट विसरून अख्खं शहर ‘टोल देणार नाही’ म्हणत होतं, आणि शेवटी टोल गेला. पण जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळले गेले, तेही सांगा आणि विचारा, ‘हे बरोबर होतं का?’ उत्तर तुम्ही देऊ नका. त्याच पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले, हेही लपवू नका. मत पटलं नाही तर वाद घाला, विरोधात लिहा, पाडायचं तर निवडणुकीत पाडा. त्यापुढे कोणाचाच हक्क नाही, हे मुलाला तेराव्या-चौदाव्या वर्षीच पक्कं कळलेलं बरं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. मिसरूड न फुटलेल्या पोराला पेट्रोल आणि जेवणाच्या बोलीवर कुणी रॅलीत नेत असेल, तर नेता कितीही जवळचा असो, आपल्या गटाचा असो, नाही म्हणा. झेंडा धरण्याआधी त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. अठरा पूर्ण झाली की मत त्याच्या हाती येणारच आहे. तोवर त्याला ग्रामसभेला न्या, वॉर्डातल्या बैठकीला न्या, घरपट्टीची पावती त्याच्यासमोर उघडा आणि हे पैसे कुठे जातात ते त्यालाच शोधायला लावा.

रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर सगळे एकत्र बसताच. तेव्हा पोराला आणि पोरीलाही त्यांचं मत विचारा. ते तुमच्या गटाच्या उलट निघालं, तर मध्येच तोडू नका. पूर्ण ऐकून घ्या आणि मग हवं तेवढं भांडा.