गोधूमवर्ज्य आहार घेणाऱ्या रुग्णाचे उदरविकार : पथ्यविचार आणि आपले औषधालय

उदरशूल, आध्मान, द्रवमलप्रवृत्ती आणि वाढते कार्श्य घेऊन येणारा रुग्ण आपण ग्रहणीदोषाच्या अंगाने तपासतो. अशा काही रुग्णांत गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजलेले असतात. आधुनिक वैद्यक या व्याधीस सीलिअॅक म्हणते. गहू वर्ज्य केल्याने अशी बालके सुधारतात, हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडले. गहू, यव आणि राय ही धान्ये आजन्म वर्ज्य करणे हाच आजही चिकित्सेचा पाया आहे. मात्र गहू सोडल्याबरोबर पोट शांत होतेच असे नाही. या संक्रमणकाळात वैद्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

निदान निश्चित झालेली एक मध्यमवयीन रुग्णा गहू सोडल्यानंतर दोन महिने बरी होती. पुढे पोटफुगी व पातळ मलप्रवृत्ती पुन्हा सुरू झाली. मी मऊ भात व मेतकूट हा आहार सांगितला आणि हिंग्वाष्टक चूर्ण दिले. तीन आठवड्यांत लक्षणे वाढली. अखेर तिला स्वयंपाकघरातील सर्व डबे घेऊन येण्यास सांगितले. घरच्या मेतकुटात परंपरेप्रमाणे भाजलेले गहू होते. त्यानंतर माझ्या औषधालयातील हिंगाची डबी पाहिली. बांधानी हिंग, आणि घटकांत गव्हाचे पीठ. पथ्य सांगणारा मीच अपथ्य देत होतो. दोन्ही बंद केल्यावर ती हळूहळू स्थिरावली.

लक्षणे का राहतात?

१. प्रच्छन्न गहू : रवा, मैदा, शेवया रुग्ण ओळखतो. सातूचे पीठ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट व बांधानी हिंग सहसा निसटतात. गव्हावर दळलेल्या ज्वारीतही गव्हाचे पीठ उतरते. म्हणून दळण घरघंटीवर किंवा गहू न दळणाऱ्या गिरणीत करावे. परात, पोळपाट व तवा स्वतंत्र ठेवावेत.

२. दुग्धशर्करेचे अपचन : दुधातील शर्करा पचविणारा घटक याच अंकुरांवर असतो. ते भरून येईपर्यंत दूध, खवा, बासुंदी यांनी आध्मान व अतिसार होतो. काही आठवडे दूध थांबवून उपशय पाहावा.

३. धान्यबदल : गोधूम गुरु व स्निग्ध आहे, तर ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये रूक्ष आहेत. मंद अग्नीवर एकदम दोन्ही वेळा भाकरी आली की वातप्रकोप होऊन पोटफुगी किंवा मलावष्टंभ होतो.

क्रमाचा विवेक

सवयीचे अहितकर द्रव्य पादांशाने सोडावे आणि हितकर द्रव्य पादांशाने घ्यावे, असा क्रम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितला आहे. येथे त्याचा अर्धाच भाग लागू करावा. निदान झालेल्या रुग्णाने गहू क्रमाने सोडावयाचा नसून तो पूर्णतः व तत्काळ सोडावयाचा आहे, कारण अल्प मात्राही आतड्यास अपाय करते. पादांशिक क्रम लावावा तो नव्या धान्यांस. प्रथम पाव भाकरी, तीही तुपासह. सोसल्यास काही दिवसांनी अर्धी.

आहार व औषध

लक्षणे तीव्र असता संसर्जनक्रमाचा आधार घ्यावा. शार्ङ्गधरांनी सांगितल्याप्रमाणे तांदळाच्या चौदापट पाण्यात केलेली पेया आणि चौपट पाण्यातील विलेपी द्यावी. त्यानंतर मुगाचे यूष व मऊ भात, मग भाकरी. ताजे, लोणी काढलेले, पातळ ताक सुंठ, जिरे व सैंधव घालून अल्प प्रमाणात द्यावे. मात्र दुग्धशर्करा सोसत नसल्यास तेही थांबवावे. आध्मानात सुंठीचे किंवा धने-जिऱ्याचे कोमट पाणी उपयुक्त ठरते. हिंगाची कल्पे द्यावयाची तर ती शुद्ध हिंगाचीच असावीत. गव्हांकुराचा रस किंवा चूर्ण या रुग्णांस देऊ नये, कारण त्यात गव्हाच्या दाण्याचा अंश येण्याचा धोका असतो.

सावधगिरी

गहू सोसत नाही अशी शंका आल्यास, तो बंद करण्यापूर्वी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी व आवश्यकतेनुसार आतड्याची तपासणी करून घ्यावी. आधी गहू बंद केल्यास तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. मलातून रक्त, ज्वर, वारंवार वमन, वजनातील घट, पांडुता किंवा बालकाची खुंटलेली वाढ आढळल्यास रुग्णास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. आपले कोणतेही औषध गहू सुसह्य करते असे आश्वासन देऊ नये. औषध अग्नीस साहाय्य करते. निदानपरिवर्जनाची जागा ते घेऊ शकत नाही.

औषधनिर्मात्यांस विनंती

ग्लुटेनमुक्त म्हणविणाऱ्या अन्नासाठी भारतीय मानक किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवते. म्हणजे किलोभर पदार्थात चिमूटभर पीठही अधिक ठरू शकते. बांधानी हिंगात धान्याचे पीठ घालण्यास नियमांची अनुमती आहे, त्यामुळे खरेदीच्या वेळीच ते पीठ गव्हाचे की तांदळाचे, हे पाहावे. हिंग्वाष्टकासारख्या कल्पांत वापरलेला हिंग आणि वटीतील बंधकद्रव्याचा स्टार्च कोणत्या धान्याचा, हे वेष्टनावर स्पष्ट लिहावे. वैद्यबंधूंनीही आपल्या औषधालयातील हिंगाची डबी आजच एकदा उलटून पाहावी. रुग्णाचे पथ्य त्याच्या ताटाइतकेच आपल्या पुडीवरही अवलंबून असते.